अभ्यास मंडळांना खुले पत्र: संदर्भ शोधण्यालाही गुण द्या

राज्यातील विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नवा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आला की प्राध्यापक घटक आणि तासिका पाहतात, विद्यार्थी गुणांची विभागणी पाहतात आणि आम्ही ग्रंथपाल थेट शेवटचे पान उघडतो. संदर्भग्रंथांची यादी तिथे असते आणि तिच्यावरून आम्हाला खरेदी करायची असते. ही यादी आम्हाला किती वेळा कोड्यात टाकते याची आपल्याला बहुधा कल्पना नसावी. लेखकाचे नुसते आडनाव असते. प्रकाशक नसतो, साल नसते. एकच पुस्तक एकदा मूळ इंग्रजी नावाने आणि एकदा अनुवादित नावाने येते, जणू दोन निराळ्या लेखकांची दोन निराळी पुस्तके. नाव काढताच विक्रेता हसतो असे एखादे पुस्तक बाजारातून केव्हाच नाहीसे झालेले असते, पण तीन अभ्यासक्रमांत मुक्काम ठोकून असते. आणि सगळ्यात खाली ‘संकेतस्थळे’ या मथळ्याखाली गूगल आणि विकिपीडिया.

माहिती कुठून घेतली हे नीट सांगायची सवय मुलांना लागावी असे आपण सगळेच म्हणतो. मुलांच्या हाती पडणारी पहिली संदर्भयादी मात्र आपली असते. म्हणूनच हे पत्र प्राचार्यांना किंवा उच्च शिक्षण विभागाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. पदवीच्या वर्गात काय शिकवायचे आणि कशाला गुण द्यायचे हे आपण ठरवता. इलेक्ट्रॉनिक ग्रंथालय विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही, याचे मुख्य कारण आता पैसा किंवा इंटरनेट राहिलेले नाही. त्याला कुठल्याच विषयात जागा नाही आणि कुठल्याच परीक्षेत गुण नाहीत, हे खरे कारण आहे.

पैशाचे आधी सांगते, कारण चर्चा नेहमी तिथेच अडते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या देशातल्या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही ई-साधनांची सामायिक सोय सुरू केली. सहा हजारांवर नियतकालिके आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तके त्यातून वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातून मिळणारी सहा लाख पुस्तके निराळी. अनुदानित महाविद्यालयाला यासाठी वर्षाला पाच हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढे भरावे लागतात. परदेशी प्रकाशकाचे विज्ञानाचे एखादे जाड पाठ्यपुस्तक यापेक्षा महाग पडते. शोधगंगेवर देशभरच्या विद्यापीठांतले पाच लाखांहून अधिक पीएचडी प्रबंध आहेत आणि ते वाचायला ना वर्गणी लागते ना पासवर्ड. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभारले आणि २०१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. सरकारने एकत्र वर्गणी भरून संशोधन-नियतकालिके संस्थांना वाचायला देण्याच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. ती आहे सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. आपल्याकडची बहुसंख्य महाविद्यालये शिक्षण संस्थांनी चालवलेली, त्यामुळे आमच्यासारखे अजून दाराबाहेर उभे आहेत. त्यासाठी भांडायला हवेच, पण ते पत्र वेगळ्या पत्त्यावर जाईल. जे दार आज उघडे आहे त्यातून तरी किती मुले आत जातात?

एन-लिस्टचा वापर-अहवाल महाविद्यालयाला पाहता येतो. कुठल्याही ग्रंथपालाला खासगीत विचारा, आकडे कधी चढतात? एखाद्या शिक्षकाची पीएचडी शेवटच्या टप्प्यात असते तेव्हा आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असते त्या महिन्यात. नॅकच्या अहवालात ई-साधनांच्या वर्गणीला, त्यावरच्या खर्चाला आणि रोजच्या वापराला रकाने असत. ‘शोधगंगा सदस्यत्व’ हाही त्यात एक रकाना असायचा. जे प्रबंध रस्त्यावरचा कुणीही माणूस मोबाइलवर उघडू शकतो, त्यांचे सदस्यत्व आम्ही वर्षानुवर्षे अभिमानाने दाखवत आलो. मुलाला त्यातले काय सापडले, सापडलेले त्याला कळले का, हे विचारणारा रकाना कुठेच नव्हता.

पासवर्ड वाटण्याचीही एक गंमत आहे. एन-लिस्टवर विद्यार्थ्याचे खाते उघडायचे म्हणजे त्याचे नाव आणि ईमेल आम्ही यादीत चढवतो आणि पासवर्ड त्या ईमेलवर जातो. विद्यार्थ्याचा ईमेल आम्ही प्रवेश अर्जावरून घेतो. तालुक्याच्या गावात प्रवेश अर्ज भरला जातो सायबर कॅफेत, आणि तिथला मुलगा घाईघाईत सगळ्यांच्या अर्जावर स्वतःचाच ईमेल टाकतो. परिणामी बस स्टँडजवळच्या एका कॅफेवाल्याकडे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पुस्तकांच्या पासवर्डांची रास पडलेली असते. तो बिचारा त्या ईमेल उघडतही नाही. तंत्रज्ञान कितीही चांगले असले तरी ते कुठे अडकते पाहा. प्रवेशाच्या वेळी मुलाकडून त्याचा स्वतःचा ईमेल तिथल्या तिथे उघडून घ्यायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कुणाचे काम, हे कुणी ठरवलेले नाही.

मग येतो नव्या विद्यार्थ्यांसाठीचा उद्बोधन वर्ग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ कार्यक्रमानंतर तो सगळीकडे होऊ लागला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो होतो जुलै-ऑगस्टमध्ये, सभागृहात, दोन-दोनशे मुलांसमोर. अजून वर्ग कुठे भरतो हेही ज्यांना माहीत नाही, त्यांना मी पडद्यावर एन-लिस्टची पाने दाखवते. मुले टाळ्या वाजवतात आणि निघून जातात. त्यांचे काही चुकत नाही. त्या क्षणी त्यांच्यासमोर कुठलाच प्रश्न नसतो, आणि प्रश्न नसलेल्या माणसाला शोधायला शिकवता येत नाही. तोच मुलगा दीड वर्षाने क्षेत्र-प्रकल्पाचा विषय घेऊन येतो, मुदत चार दिवसांवर आलेली असते आणि “मॅडम, याच्यावर काहीतरी मटेरियल द्या ना” म्हणतो. शिकवायची वेळ ती असते. पण तेव्हा माझ्याकडे त्याच्यासाठी तासिका नसते आणि त्याच्याकडे माझ्यासाठी वेळ नसतो.

क्षेत्र-प्रकल्पाचे नाव आलेच आहे तर एक उदाहरण नीट मांडते. आमच्या भागात कांदा पिकतो. अर्थशास्त्र, वाणिज्य, भूगोल, अगदी राज्यशास्त्राचा विद्यार्थीसुद्धा ‘कांद्याच्या भावातील चढउतार’ हा विषय घेतोच. घरी कांदा असतो, वडील बाजार समितीत जातात, विषय हाताशी आहे असे वाटते. प्रकल्प येतो तेव्हा त्यात काय असते? चार बातम्यांची कात्रणे, व्हॉट्सअॅपवर फिरलेला भावांचा तक्ता, दोन पाने प्रस्तावना (हल्ली ती चॅटबॉट लिहून देतो आणि पहिलेच वाक्य ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ असे असते) आणि वीस शेतकऱ्यांची प्रश्नावली. प्रश्नावली बहुतेक वेळा खरी असते. बाकी सगळे कुठून आले ते मुलालाही सांगता येत नाही.

याच विषयात माहिती साक्षरतेचा, म्हणजे माहिती शोधण्याचा आणि पारखण्याचा, अख्खा अभ्यासक्रम दडलेला आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातीवरच बंदी घातली. बंदीची मुदत होती ३१ मार्च २०२४. फेब्रुवारीत, १८ तारखेला, बंदी उठल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. लासलगावात १७ फेब्रुवारीला क्विंटलला १,२८० रुपये असलेला सर्वसाधारण दर १९ तारखेला १,८०० वर गेला. दुसऱ्या दिवशी केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितले की बंदी उठलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. मार्चमध्ये ती पुढे वाढवली गेली आणि प्रत्यक्षात उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनामागे ५५० डॉलरच्या किमान निर्यात मूल्याची अट घालून.

आता विद्यार्थ्याला विचारा, १९ फेब्रुवारीला बंदी होती की नव्हती? बातमी म्हणते नव्हती. बाजारभावही जणू तेच म्हणतो. मग खरे कुठे पाहायचे? विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर, अधिसूचनांच्या यादीत. तिथे अधिसूचना नसेल तर बंदी उठलेली नाही, मग बातमी कुणाच्याही हवाल्याने आलेली असो. हे शोधायला फार तर दहा मिनिटे लागतात. ज्याच्या घरी त्या आठवड्यात कांदा विकायला तयार होता, त्या मुलाला ही दहा मिनिटे पदवीच्या अर्ध्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त कामाची आहेत. बंदी उठली समजून कुणी माल रोखून धरला असेल, कुणी बंदी कायम राहील म्हणून घाईने काढला असेल. वर्गात त्यावर वाद घालता येईल, पण आधी मूळ कागद समोर हवा.

दुसरा टप्पा आकड्यांचा. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीचा रोजचा भाव तीन रकान्यांत असतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. केंद्र सरकारच्या अॅगमार्कनेटवरही तसाच. बातमीचा मथळा बहुधा कमाल दराचा असतो, कारण तो डोळ्यांत भरतो. शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबपट्टीवर येतो तो सर्वसाधारणच्या आसपासचा. ज्या मुलाने मथळ्यातले आकडे जोडून आलेख काढला, त्याचा आलेख सुबक येतो आणि निष्कर्ष चुकतो. याला संशोधन पद्धतीचे वेगळे पुस्तक लागत नाही, कोणता रकाना वाचायचा हे शेजारी बसून दाखवणारे कुणी लागते.

एवढे झाले की अभ्यासकांचे लेखन. एन-लिस्टमधून इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली वाचता येते, आणि हे साप्ताहिक निघते आपल्या मुंबईतून. शोधगंगेवर कांद्याच्या विपणनावर महाराष्ट्रातल्याच विद्यापीठांतले प्रबंध आहेत. भारतीय स्पर्धा आयोगासाठी बंगळूरच्या इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंजने २०१२ मध्ये कांद्याच्या बाजारातल्या स्पर्धेचा अभ्यास केला. व्यापाऱ्यांची साखळी कशी चालते, बाजार समितीत नवा खरेदीदार शिरणे कठीण का असते, याची चर्चा त्यात आहे. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. आमच्या परिसरातल्या मुलांनी तो वाचून आपल्या बाजार समितीशी ताडून पाहिला तर काय प्रकल्प होतील! विषय तोच, मुलगा तोच, प्रश्नावलीही तीच. फरक फक्त एवढा की आता तो वडिलांना नवे काहीतरी सांगू शकतो.

“हे सगळे इंग्रजीत आहे, आमच्या मुलांना झेपणार नाही,” असे शिक्षक सांगतात. अर्धे खरे आहे. वीस पानांचा इंग्रजी लेख मराठी माध्यमाच्या मुलापुढे टाकला तर तो पळणारच. पण लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा असतो असे त्याला कुणी सांगितले? आधी सारांश, मग तक्ते, मग निष्कर्ष, आणि गरज पडली तरच मधला भाग. पद्धत अशी दाखवली की दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तासाभरात लेखाचा गाभा काढतो. त्याआधी मराठीत पाय रोवून घ्यायला आपला मराठी विश्वकोश आहे. वाईला तयार झालेले वीस खंड आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ‘सहकार’, ‘चलनवाढ’, ‘दुष्काळ’ या नोंदी आधी वाचून मग इंग्रजी लेखाकडे गेलेला मुलगा गोंधळत नाही, कारण संकल्पना त्याला आपल्या भाषेत आधीच भेटलेली असते. आपल्या किती संदर्भयाद्यांत विश्वकोशाचे नाव आहे, एकदा पाहावे.

मराठी विषयाच्या अभ्यास मंडळाला मला वेगळे काही सांगायचे आहे. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला ही साधने आपली नाहीतच असे वाटते, आणि त्यात त्याची चूक थोडी, साधनांची जास्त. मराठीत लिहिलेल्या कित्येक प्रबंधांची शीर्षके शोधगंगेवर रोमन अक्षरांत नोंदवलेली आहेत. ‘ग्रामीण’ शब्द एका विद्यापीठाने एक ‘आय’ घालून लिहिला, दुसऱ्याने दोन ‘ई’ घालून. देवनागरीत शोध घेतला तर पडदा कोरा दिसतो आणि मुलगा म्हणतो, “मॅडम, मराठीत काहीच नाही.” असते भरपूर. तीन-चार स्पेलिंगे करून पाहावी लागतात, मार्गदर्शकाच्या नावाने किंवा विभागाच्या नावाने शिरावे लागते. प्रबंधाच्या सारांशाच्या जागी कधी काहीच नसते, कधी ओळीओळीत ‘न्यूलाइन’ हा शब्द घुसलेला असतो. संगणकाने केलेली घाण, लेखकाने नव्हे. जुन्या मराठी पीडीएफची आणखी एक तऱ्हा. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असेल तर डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राला तो नुसता अक्षरांचा गुंता असतो. हे माहीत नसलेला विद्यार्थी ‘या पुस्तकात हा शब्द नाही’ असे बिनधास्त लिहून मोकळा होतो.

आणि जे उत्तम आहे तेही मुलांपर्यंत जात नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शब्द टाकून शोधता येतात. एकोणिसाव्या शतकातले गद्य वाचताना शब्द अडला की याहून चांगली सोय नाही. भाषेच्या पदवीला बसलेल्या मुलाला हे तीन वर्षांत एकदाही दाखवले जात नसेल तर आपण त्याला नेमके काय शिकवतो?

चॅटबॉटविषयी जास्त लिहीत नाही, कारण त्यावर सध्या सगळेच लिहीत आहेत. बंदी घालून उपयोग नाही, एवढेच माझे मत आहे. मुलाला त्याच्याकडून पाच संदर्भ मागू द्यावेत आणि मग पाचही ग्रंथालयात शोधायला लावावेत. डीओआय, म्हणजे लेखाचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून पाहावा, नियतकालिकाचा तो अंक उघडून पाहावा. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलर दंड केला. वकिली शिकलेल्या माणसांची ही गत. आपला मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे.

नियतकालिकांच्या बाबतीत मात्र मुलांकडे बोट दाखवण्याआधी आपल्याकडे पाहावे लागेल. पदोन्नतीसाठी लेख हवा, म्हणून पैसे भरून आठवड्यात छापून देणारी मासिके आपल्यातल्याच अनेकांनी पोसली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून एकदम ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्यानंतर मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तिचे काम पुण्यातून चालले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही आयोगाने थांबवली. आता नियतकालिक बरे की वाईट हे संस्थेने आणि शिक्षकाने स्वतः ठरवायचे आहे. अजूनही “आयएसएसएन आहे ना, मग झाले” हे उत्तर मला शिक्षकांकडूनच ऐकू येते. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे गाडीची नंबरप्लेट. गाडी कोणती ते कळते, ब्रेक लागतात की नाही ते कळत नाही. संपादक मंडळावर कोण आहे, ती माणसे खरोखर त्या विद्यापीठात आहेत का, लेख परीक्षणाला किती दिवस लागतात, पैसे कशाचे घेतात, हे पाहायला शिकवणारी कार्यशाळा विद्यार्थ्यांआधी आम्हा कर्मचाऱ्यांसाठी घ्यावी लागेल. संशोधन करणाऱ्या शिक्षकांना ते खटकेल. खटकू द्या.

आता मागणे. माहिती साक्षरतेचा स्वतंत्र पेपर काढा असे मी म्हणणार नाही. तसा पेपर निघाला की दुसऱ्या वर्षी त्याचे गाइड निघते आणि ‘माहिती साक्षरतेची व्याख्या सांगून तिचे महत्त्व विशद करा’ हा प्रश्न पाच गुणांना येतो. मुले व्याख्या पाठ करतात आणि अधिसूचना कुठे असते ते शेवटपर्यंत त्यांना कळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्प आला आहे, समाजाशी जोडलेले उपक्रम आले आहेत, चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला आहे. जागा तिथे तयारच आहे. क्षेत्र-प्रकल्पाच्या गुणांपैकी पाचवा हिस्सा संदर्भशोधाच्या नोंदींना ठेवा. मुलाने एका वहीत लिहावे: काय शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले, कुठे शोधले, काय सापडले, काय टाकून दिले आणि का. ‘का’ला सर्वाधिक गुण. टाकून दिलेले लिहिणे फार महत्त्वाचे, कारण नक्कल करणाऱ्याकडे टाकून दिलेले काहीच नसते. अशी वही चॅटबॉटकडून लिहून घेता येईल, हे मला माहीत आहे. पण तोंडी परीक्षेत “हा तक्ता उघडून दाखव” म्हटले की दोन मिनिटांत खरे-खोटे होते, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असतोच.

विषय ठरला की पहिल्या आठवड्यात एक आणि मसुदा तयार झाल्यावर एक, अशा दोन तासिका ग्रंथपाल आणि विषय शिक्षक यांनी मिळून, वीस-पंचवीस मुलांच्या गटाला द्याव्यात, असे अभ्यासक्रमातच लिहा. अभ्यासक्रमात लिहिलेले नसेल तर वेळापत्रकात येत नाही, आणि वेळापत्रकात नसेल ते प्राचार्यांच्या लेखी होतच नाही. एकट्या ग्रंथपालाला हे जमणार नाही. मला अधिसूचना शोधता येते, पण रसायनशास्त्राच्या लेखातले काय महत्त्वाचे ते मला कळत नाही, आणि कळते असे मी भासवू नये.

संदर्भयादीतले दोष वर सांगितलेच आहेत, ते दूर करावेत; फक्त एक भर घालते. प्रत्येक घटकासाठी निदान एक वाचन असे द्या, जे विद्यार्थ्याला घरबसल्या, पैसे न भरता, मोबाइलवर उघडता येईल: एन-लिस्टमधला लेख, विश्वकोशातली नोंद, एखादा सरकारी अहवाल, शोधगंगेवरच्या प्रबंधातले एक प्रकरण. यादी मंजूर करण्यापूर्वी ती एखाद्या ग्रंथपालाकडे पाठवा. अभ्यास मंडळांवर आम्ही सहसा नसतो, त्याची तक्रार नाही, पण यादी तपासायला सदस्यत्व लागत नाही. कोणते पुस्तक छापील मिळते, कोणते ई-स्वरूपात आहे, कोणत्याची नवी आवृत्ती निघाली, हे आम्ही आठवडाभरात सांगू शकतो. आपापल्या विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राकडेही, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडेही, ही माहिती असते.

एक अडचण लपवत नाही. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे, कार्यभार कुणा प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे आहे, आणि परिचर पुस्तके देण्या-घेण्यापलीकडे जाऊ शकत नाही. तिथे या दोन तासिका कोण घेणार? शेजारच्या महाविद्यालयातला ग्रंथपाल घेऊ शकतो, तालुक्यातली तीन-चार महाविद्यालये मिळून एक गट करू शकतात. हे कायमचे उत्तर नव्हे. पण अभ्यासक्रमात काम लिहिले गेले तर पद भरण्याची मागणी करताना दाखवायला निदान कागद तरी राहील. आज विचारले तर उत्तर मिळते की ग्रंथालयात हल्ली येतेच कोण, मग ग्रंथपाल कशाला.

पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमांवर आपल्या बैठका होतील. क्षेत्र-प्रकल्पाचा गुणतक्ता त्या बैठकीत नव्याने पाहावा, संदर्भशोधाला त्यात किती गुण द्यायचे ते ठरवावे आणि ते जूनपूर्वी महाविद्यालयांना कळवावे, म्हणजे वेळापत्रक लागण्याआधी आम्हाला तासिका मागता येतील. अर्थशास्त्र आणि मराठी या दोन विषयांसाठी नोंदवहीचा कच्चा नमुना आणि तपासणीचा तक्ता मी तयार केला आहे. बाकीच्या विषयांचे नमुने त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी आमच्यासोबत बसून करावेत. ज्या मंडळाला माझा नमुना पाहायचा असेल त्याने आपल्या विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रामार्फत मागवावा. लगेच पाठवते.

कळावे.

आपली नम्र,
अनुदानित महाविद्यालयातील एक ग्रंथपाल, नाशिक जिल्हा